‘दूरची वस्तू’ म्हणजे नेमकी किती दूर? एकाच भिंगाची तीन नाभीय अंतरे

प्रश्न : विज्ञान शिक्षिका, गिरगाव

नमस्कार. मी गिरगावातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववी आणि दहावीला विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात दहावीच्या मुलांकडून बहिर्गोल भिंगाचे नाभीय अंतर, म्हणजे समांतर किरण जिथे एकत्र येतात त्या नाभीचे भिंगापासूनचे अंतर, काढण्याचा प्रयोग करून घेतला. त्यातून एक पेच उभा राहिला असून त्याचे समाधानकारक उत्तर मला मुलांना देता आलेले नाही, म्हणून इथे सविस्तर विचारत आहे.

आमची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर आहे. खिडक्यांना लोखंडी जाळी आहे आणि समोर अरुंद गल्लीपलीकडे लगेच दुसरी इमारत आहे. प्रयोगाच्या सूचनेत ‘दूरच्या वस्तूची स्पष्ट प्रतिमा पडद्यावर मिळवा आणि भिंग व पडदा यांमधील अंतर मोजा’ एवढेच लिहिलेले असते. भिंगे एकाच खोक्यातली, सर्वांवर २० सेंटिमीटरची चिठ्ठी. खिडकीजवळच्या टेबलावरील एका गटाला गल्ल्यांच्या फटीतून दूरवरच्या बांधकामावरील क्रेन दिसत होती. त्यांनी तिची प्रतिमा घेतली आणि त्यांचे उत्तर २०.० सेंटिमीटर आले. शेजारच्या गटाने समोरच्या इमारतीच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांची प्रतिमा घेतली आणि त्यांना २०.७ मिळाले. सर्वांत मागच्या टेबलावरील गटाला मात्र २२.२ सेंटिमीटर मिळाले. त्यांनी तो प्रयोग तीन वेळा केला आणि तिन्ही वेळा उत्तर एका मिलिमीटरच्या आतबाहेर तेच राहिले.

पहिला संशय भिंगावर आला, म्हणून मी गटांची भिंगे आपसांत बदलून पाहिली. आकडे भिंगांबरोबर न जाता टेबलांबरोबरच राहिले. त्यानंतर सर्व गटांकडून मेणबत्ती वापरून दुसरी पद्धत करून घेतली, म्हणजे वस्तुअंतर आणि प्रतिमाअंतर दोन्ही मोजून सूत्राने नाभीय अंतर काढले. त्या वेळी प्रत्येक गटाचे उत्तर १९.९ ते २०.१ या मर्यादेत आले.

मागच्या टेबलावरील एका मुलीने मला विचारले, “बाई, आमचे मोजमाप चुकले असेल तर ते तिन्ही वेळा सारखेच कसे चुकेल?” तिने आपल्या वहीत २२.२ हाच आकडा ठेवला आहे, आणि चिठ्ठीवरचा आकडा पाहून तो खोडला नाही याचे मला मनापासून कौतुक वाटते. तिला मी काय सांगावे? आणि मुंबईतील शाळेत, जिथे खिडकीबाहेर सहा-सात मीटरांवर दृष्टी अडते, तिथे हा प्रयोग नीट कसा करून घ्यावा?

उत्तर १ : निवृत्त प्रयोगशाळा सहायक, मुलुंड

बाई, त्या मुलीचे मोजमाप चुकलेले नाही. तिने जे मोजले ते अचूक मोजले आहे. फक्त ते नाभीय अंतर नाही. मी महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत अनेक वर्षे काढली आहेत आणि हा घोटाळा जवळजवळ दर वर्षी पाहिला आहे.

मुख्य अक्षाला समांतर येणारे किरण भिंगातून गेल्यावर नाभीत एकत्र येतात, हे आपण शिकवतो. परंतु समांतर किरण फक्त अनंत अंतरावरील वस्तूकडूनच येतात. वस्तू जवळ असेल तर तिच्या एका बिंदूतून निघालेले किरण भिंगावर पोहोचतात तेव्हा थोडे फाकलेलेच असतात, आणि भिंगाची वाकवण्याची ताकद ठरलेली असल्याने ते नाभीच्या थोडे पलीकडे जाऊन एकत्र येतात. हे ‘थोडे’ किती, ते काढण्याचा सोपा मार्ग न्यूटनच्या सूत्रात आहे. वस्तू आणि प्रतिमा यांची अंतरे भिंगापासून न मोजता आपापल्या बाजूच्या नाभीपासून मोजली, तर त्या दोन अंतरांचा गुणाकार नाभीय अंतराच्या वर्गाइतका असतो.

आपल्या भिंगाचे नाभीय अंतर २० सेंटिमीटर धरले तर त्याचा वर्ग ४०० होतो. मागच्या गटाची प्रतिमा नाभीच्या पलीकडे २.२ सेंटिमीटरवर पडली. ४०० ला २.२ ने भागले की सुमारे १८० येतात, त्यात नाभीचे २० मिळवले की वस्तू भिंगापासून सुमारे २०० सेंटिमीटरवर होती असे निघते. दोन मीटरवर गल्लीपलीकडची इमारत असू शकत नाही. माझा कयास असा की त्या मुलांनी खिडकीच्या जाळीची प्रतिमा पडद्यावर स्पष्ट केली. मागच्या बाकावरून पाहताना उजेडाच्या पार्श्वभूमीवर जाळीच्या काळ्या सळ्या इतक्या ठळक दिसतात की मुलांचे लक्ष आपोआप त्यांच्याकडेच जाते, आणि सळ्या रेखीव झाल्या की ‘प्रतिमा मिळाली’ असे त्यांना वाटते. कृपया मागच्या टेबलावरील भिंगाच्या जागेपासून जाळीपर्यंत टेप लावून पाहा.

दुसऱ्या गटाचा हिशेबही असाच होतो. ०.७ सेंटिमीटरवरून वस्तूचे अंतर ५.९ मीटर निघते. मात्र इथे एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी उत्तर ५.२ पासून ६.९ मीटरपर्यंत हलते, म्हणून या आकड्यावर फार भार टाकू नये. क्रेनवाल्या गटाची वस्तू शंभर मीटरवर असली तरी फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी पडतो, जो शाळेच्या मीटरपट्टीवर वाचताच येणार नाही.

यावरून ‘किती दूर’ या प्रश्नाचे उत्तर आकड्यात देता येते. २० सेंटिमीटरच्या भिंगासाठी चूक एका मिलिमीटरपेक्षा कमी हवी असेल, तर वस्तू ४० मीटरपेक्षा लांब असली पाहिजे. तेच १० सेंटिमीटरचे भिंग घेतले तर नाभीय अंतराचा वर्ग १०० होतो आणि दहा मीटरही पुरतात. त्यामुळे गल्लीकडे तोंड असलेल्या प्रयोगशाळेत मी नेहमी कमी नाभीय अंतराची भिंगे काढून देत असे.

मुलांना खरी दूरची वस्तू दाखवायची असेल तर एखाद्या संध्याकाळी भिंग आणि पुठ्ठ्याचा पडदा घेऊन त्यांना दादर चौपाटीवर न्यावे. वांद्रे-वरळी सागरी सेतूचा केबलचा मनोरा सुमारे सव्वाशे मीटर उंच आहे. तो तीन किलोमीटरवरून पाहिला असे धरले तर २० सेंटिमीटरच्या भिंगाने पडद्यावर त्याची आठ मिलिमीटरांहून थोडी मोठी, उलटी प्रतिमा पडते. पडद्याला मागून आणि बाजूंनी आडोसा करावा, नाहीतर सभोवतालच्या उजेडात ती पुसट होते. सूर्य पडद्यासमोर येणार नाही अशी दिशा निवडावी आणि भिंगातून सूर्याकडे कोणीही पाहणार नाही याची आधीच ताकीद द्यावी.

उत्तर २ : चष्म्याचे दुकान, दादर

वरील उत्तर वाचून राहवले नाही, कारण बाईंच्या मुलांना जे आकडे मिळाले तेच आम्ही दुकानात रोज वेगळ्या भाषेत बोलत असतो.

आम्ही भिंग सेंटिमीटरमध्ये न मोजता नंबरात, म्हणजे डायॉप्टरमध्ये मोजतो. नाभीय अंतर मीटरमध्ये लिहून १ ला त्याने भागले की नंबर मिळतो. २० सेंटिमीटर म्हणजे ०.२ मीटर, म्हणून आपले भिंग +५.०० नंबरचे. आता २२.२ सेंटिमीटरचा नंबर काढून पाहा : तो +४.५० येतो. अर्धा नंबर कुठे गेला? दोन मीटरवरील जाळीकडून आलेले किरण भिंगापाशी पोहोचताना जेवढे फाकलेले असतात, त्याचे माप १ भागिले २, म्हणजे बरोबर अर्धा डायॉप्टर असते. भिंगाच्या पाच नंबरांपैकी अर्धा नंबर ते फाकलेपण भरून काढण्यात खर्च झाला आणि उरलेल्या साडेचार नंबरांनी किरण एकत्र आणले. समोरच्या इमारतीचे अंतर सहा मीटर धरा : १ भागिले ६ म्हणजे ०.१७, पाचातून वजा केल्यावर ४.८३, आणि त्याचे अंतर २०.७ सेंटिमीटर. दोन्ही गटांची उत्तरे या एका वजाबाकीत बसतात.

‘दूर’ म्हणजे किती, हा आमच्याही धंद्यातला जुना प्रश्न आहे. डोळे तपासण्याचा अक्षरांचा तक्ता सहा मीटर, म्हणजे वीस फुटांवर ठेवण्याची पद्धत आहे. चष्म्याचे नंबर पाव-पाव डायॉप्टरच्या टप्प्यांनी वाढतात, आणि सहा मीटरवरील तक्त्यामुळे पडणारा ०.१७ चा फरक त्या पाव टप्प्याहून लहान राहतो. प्रत्येक मोजमापात ‘दूर’ हा शब्द असा आपल्याला चालणाऱ्या चुकीवरून ठरतो. आमचे काम सहा मीटरवर भागते, कारण आम्हाला पाव नंबरापर्यंतच जायचे असते. बाईंच्या मुलांना मिलिमीटर वाचायचे आहेत, म्हणून त्यांना सहा मीटर अपुरे पडतात.

मुंबईत वीस फूट लांबीची खोली फारच थोड्या दुकानांना मिळते. म्हणून आम्ही समोरच्या भिंतीवर सपाट आरसा लावतो आणि गिऱ्हाइकाच्या डोक्याच्या वर उलट्या अक्षरांचा तक्ता टांगतो. आरसा तीन मीटरवर असला की प्रकाश जाताना तीन आणि येताना तीन असे सहा मीटर चालतो, आणि आरशात अक्षरे सुलटी दिसतात. सपाट आरशात प्रतिमा जितकी पुढे वस्तू तितकीच मागे असते, या नियमाचा इतका थेट उपयोग मुलांना दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल. आपल्या परिसरातील एखाद्या दुकानदाराला विनंती केलीत तर तो मुलांना हे दाखवायला नाही म्हणणार नाही.

चिठ्ठीवरचा आकडा तपासण्याचाही एक मार्ग आहे. बाईंनी भिंग चष्म्याच्या दुकानात नेऊन तपासणीच्या पेटीतील −५.०० चे भिंग त्याला चिकटवून धरावे आणि त्या जोडीतून लांबच्या उभ्या रेषेकडे पाहत जोडी हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवावी. रेषा जागची हलली नाही तर दोन्ही नंबर एकमेकांना पुरते छेदतात. रेषा जोडीच्या उलट दिशेने सरकली तर बहिर्गोल भिंग जास्त ताकदीचे आहे, आणि जोडीबरोबर सरकली तर कमी ताकदीचे आहे.

उत्तर ३ : एम.एस्सी.चा विद्यार्थी, कालिना

दोन्ही उत्तरे पटली. बाईंच्या प्रश्नातील एका बाजूकडे मात्र कोणी वळलेले नाही : मेणबत्तीच्या पद्धतीत सर्व गटांचे उत्तर इतके जवळजवळ का आले? तीच मुले, तीच भिंगे, तीच मीटरपट्टी.

याचे एक कारण उघड आहे. त्या पद्धतीत वस्तूचे अंतर गृहीत न धरता मोजले जाते, त्यामुळे वस्तू जवळ आहे की दूर याने बिघडत नाही. दुसरे कारण अधिक रंजक आहे. चिन्हे बाजूला ठेवून केवळ लांबी घेतल्या, तर नाभीय अंतर म्हणजे वस्तुअंतर आणि प्रतिमाअंतर यांचा गुणाकार भागिले त्यांची बेरीज. दोन्ही अंतरे ४०-४० सेंटिमीटर असताना त्यांपैकी एकात दोन मिलिमीटरची चूक झाली, तर उत्तरात केवळ पाव हिस्सा, म्हणजे अर्धा मिलिमीटर उतरतो. दूरच्या वस्तूच्या पद्धतीत मात्र पडद्याची जागा ठरवताना झालेली चूक जशीच्या तशी उत्तरात येते.

आणि ती चूक लहान नसते. पाच सेंटिमीटर व्यासाच्या भिंगासमोर पडदा योग्य जागेपासून दोन मिलिमीटर सरकला तर बिंदूऐवजी अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा ठिपका पडतो, आणि ‘स्पष्ट’ व ‘जवळजवळ स्पष्ट’ यांतील हा फरक डोळ्याला ओळखणे अवघड जाते. त्यातच साध्या काचेच्या भिंगात निळ्या प्रकाशाची नाभी तांबड्याच्या नाभीपेक्षा भिंगाच्या थोडी जवळ असते. २० सेंटिमीटरच्या भिंगात हा फरक सुमारे तीन मिलिमीटरांचा असतो. मुलांना प्रतिमेच्या कडेला रंगीत झालर दिसली असेल तर ती याचीच. मेणबत्तीसमोर तांबडा जिलेटिन कागद धरला की झालर जाते आणि पडद्याची जागा ठरवणे सोपे होते.

वेळ असेल तर विस्थापन पद्धतही करून पाहावी, जी बेसेलच्या नावाने ओळखली जाते. मेणबत्ती आणि पडदा यांच्यात एक मीटर अंतर ठेवून दोन्ही जागचे हलवायचे नाहीत; फक्त भिंग सरकवायचे. भिंगाच्या दोन जागी प्रतिमा स्पष्ट होते, एकदा मोठी आणि एकदा लहान. २० सेंटिमीटरच्या भिंगासाठी या दोन जागांमधील अंतर ४४.७ सेंटिमीटर येते. १०० च्या वर्गातून त्याचा वर्ग वजा करावा आणि ४०० ने, म्हणजे एकूण अंतराच्या चौपटीने, भागावे : उत्तर २०.० मिळते. या पद्धतीत भिंगाच्या स्टँडवरील खूण भिंगाच्या मध्याशी जुळत नसली तरी फरक पडत नाही, कारण ती चूक दोन्ही जागी सारखीच असल्याने वजाबाकीत निघून जाते. अट एवढीच की मेणबत्ती आणि पडदा यांच्यातील अंतर नाभीय अंतराच्या चौपटीपेक्षा जास्त हवे. त्यापेक्षा कमी असेल तर भिंग कुठेही ठेवले तरी पडद्यावर प्रतिमा मिळत नाही. मुलांना ८० सेंटिमीटरपेक्षा कमी अंतरावर मुद्दाम प्रयत्न करू द्यावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर : विज्ञान शिक्षिका, गिरगाव

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल शाळा सुटल्यावर त्या गटातील चारही मुलांना थांबवून घेतले आणि मागच्या टेबलावरील भिंगाच्या जागेपासून जाळीपर्यंत टेप लावला. अंतर २ मीटर ३ सेंटिमीटर भरले. फळ्यावर हिशेब मांडला तेव्हा प्रतिमाअंतर २२.१९ आले आणि त्या मुलीच्या वहीतील २२.२ शेजारी लिहिले. ती काही बोलली नाही. तिने तो आकडा पुन्हा स्वतः करून पाहिला आणि मग वहीत ‘वस्तू : खिडकीची जाळी’ असे लिहिले.

समोरच्या इमारतीपर्यंतचे अंतरही आम्ही मोजले. खाली गल्लीत दोन भिंतींमधले अंतर टेपने घेतले, त्यात टेबलापासून खिडकीपर्यंतचे अंतर मिळवले आणि गॅलरी पुढे आलेली असल्याने ती अंदाजाने वजा केली. एकूण सव्वासहा मीटर भरले, म्हणजे मुलुंडच्या सरांनी दिलेल्या मर्यादेच्या आतच. नंबरांची वजाबाकी मुलांना सूत्रापेक्षा लवकर कळली, कारण वर्गात चष्मा असलेली नऊ मुले आहेत आणि आपापला नंबर त्यांना पाठ आहे. एका मुलाने तर लगेच विचारले की त्याचा नंबर उणे असल्याने पडद्यावर प्रतिमाच मिळणार नाही का, आणि त्यावरून आभासी प्रतिमेचा धडा आपोआप सुरू झाला.

यापुढे प्रयोगवहीत ‘वस्तू कोणती’ आणि ‘वस्तूचे अंदाजे अंतर’ असे दोन रकाने वाढवायचे ठरवले आहे. त्या गटाचे गुण मी कापलेले नाहीत.

एक प्रश्न उरतो. मंगळवारी अंतर्गोल आरशाचा प्रयोग आहे आणि तिथेही सूचनेत पुन्हा दूरची वस्तूच आहे. जाळी आणि गल्ली तर तीच आहे.

उत्तर ४ : निवृत्त प्रयोगशाळा सहायक, मुलुंड

बाई, आरशाला दूरची वस्तू मुळीच लागत नाही. पुठ्ठ्याला पाच मिलिमीटरचे भोक पाडून त्यावर दोन बारीक तारा फुलीसारख्या चिकटवा, मागून टॉर्च लावा आणि पुठ्ठा आरशासमोर धरून मागेपुढे करा. पुठ्ठा वक्रता केंद्रापाशी, म्हणजे आरसा ज्या गोलाचा भाग आहे त्याच्या मध्यापाशी, आला की फुलीची उलटी प्रतिमा भोकाच्या शेजारी त्याच पुठ्ठ्यावर स्पष्ट उमटते. त्यासाठी आरसा अगदी किंचित तिरपा ठेवावा लागतो, नाहीतर प्रतिमा भोकावरच पडून दिसत नाही. पुठ्ठ्यापासून आरशापर्यंतचे अंतर मोजून निम्मे करा, ते आरशाचे नाभीय अंतर. मोजण्यातील चूकही निम्मी होते.

हीच युक्ती भिंगालाही चालते, आणि ती मी पहिल्याच उत्तरात सांगायला हवी होती. त्याच पुठ्ठ्यासमोर भिंग ठेवा आणि भिंगाच्या मागे लगेच सपाट आरसा उभा करा. फुली नाभीवर असेल तेव्हा भिंगातून बाहेर पडणारे किरण समांतर होतात, आरशावरून समांतरच परत फिरतात आणि भिंग त्यांना पुन्हा नाभीत, म्हणजे पुठ्ठ्यावरच, एकत्र आणते. आरसा भिंगाला चिकटून असो वा वीतभर मागे, फुली जिथे स्पष्ट होते ती जागा बदलत नाही. हे मुलांना आरसा सरकवून पाहू द्या. आरसा फार मागे नेला तर प्रतिमा मंद होते, तेवढे सांभाळावे. टॉर्च, पुठ्ठा, भिंग आणि आरसा मिळून अर्ध्या मीटरच्या आत बसतात, त्यामुळे खिडकी बंद करून, अंधार करूनही हा प्रयोग करता येईल.